पूर्वजाच्या चोरीच्या शिक्षेचा माग : मुंबई इलाख्याच्या जुन्या कोर्ट-दप्तरांत शोध कसा घ्यावा

किरकोळ चोरीच्या खटल्याची मूळ फाइल शंभर-सव्वाशे वर्षांनी हाती लागेल, या अपेक्षेने शोधाला लागणारा माणूस बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या कचेरीतच निराश होतो. पायलीभर ज्वारीसाठी किंवा एका तांब्याच्या घागरीसाठी चाललेला खटला कोर्टाच्या लेखी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याजोगाच असे, आणि तशी सोय कायद्यानेही करून ठेवली होती. १९१७ च्या अभिलेख-नाशाच्या कायद्याने कोणते कागद किती काळ ठेवायचे याचे नियम करण्याचा अधिकार हायकोर्टाला दिला होता. मात्र एकाच शिक्षेची नोंद कोर्टाच्या रजिस्टरात, पोलिसांकडे, तुरुंगात, अपिलाच्या वहीत आणि पुढच्या एखाद्या खटल्याच्या कागदांत अशी अनेक ठिकाणी होत असे. फाइलीचा नाद सोडून या नोंदींच्या मागे लागावे आणि शक्य तेव्हा शेवटच्या शिक्षेपासून उलट मागे जावे, ही या लेखाची मुख्य शिफारस आहे. येथील विवेचन प्रामुख्याने १८६२ ते १९४७ या काळातील मुंबई इलाख्याला लागू पडते.

आधी साल आणि हद्द ठरवा

घरातल्या आठवणीत "आजोबांच्या वडिलांना सहा महिने झाले होते" एवढेच असते. कोणत्याही कचेरीत जाण्यापूर्वी या वाक्याला एक गाव आणि निदान दहा वर्षांचा एक कालखंड जोडता आला पाहिजे. जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे फेरफार, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, एखादे गहाणखत, यांतून तो माणूस कोणत्या वर्षांत कोठे राहत होता याचा तक्ता तयार करावा. फेरफारात मध्येच काही काळ माणसाऐवजी त्याच्या भावाचे किंवा बायकोचे नाव वहिवाटीला दिसले, तर ते साल बाजूला लिहून ठेवावे. तो तुरुंगवासाचा पुरावा नव्हे, पण शोध कोठून सुरू करावा याचा चांगला इशारा आहे. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० ही दुष्काळाची वर्षेही त्याच तक्त्यात ठळक करून ठेवावीत, कारण धान्यचोरीच्या खटल्यांसाठी हा काळ पहिल्यांदा तपासण्याजोगा आहे.

त्यानंतर हद्दीचा प्रश्न येतो आणि येथे नवखे लोक हमखास चुकतात. आजचा जिल्हा पाहून चालत नाही. त्या वर्षी त्या गावावर कोणाचा अंमल होता ते पाहावे लागते. कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, फलटण, औंध, भोर, सावंतवाडी, जंजिरा ही संस्थाने होती आणि त्यांची न्यायालये इंग्रजी इलाख्यापासून वेगळी होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तेथील कोर्टाचे कागद मुख्यतः उर्दूत मिळतात. नागपूर मध्य प्रांतात होते आणि वऱ्हाड १९०३ मध्ये कारभारासाठी त्या प्रांताला जोडला गेला. संस्थानाच्या सीमेलगतच्या गावातला माणूस पलीकडच्या हद्दीतल्या बाजारात चोरी करताना पकडला गेला असेल, तर त्याचा खटला पलीकडेच शोधावा लागेल, कारण फौजदारी खटला सामान्यतः गुन्हा घडला त्या जागेच्या कोर्टात चालतो. माणूस कोठे राहत होता यापेक्षा गुन्हा कोठे घडला, हे येथे महत्त्वाचे ठरते.

ती खरोखर चोरीच होती का

भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली आणि २०२४ पर्यंत लागू होती. तिच्यात कलम ३७९ साध्या चोरीचे होते व त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होती. कलम ३८० राहत्या घरातील चोरीचे, कलम ३८१ नोकराने मालकाच्या मालाची केलेल्या चोरीचे आणि कलम ४११ चोरीचा माल जाणूनबुजून जवळ बाळगण्याचे होते. रजिस्टरात अनेकदा गुन्ह्याचे नाव नसतेच, नुसता आकडा असतो, म्हणून हे चार आकडे पाठ असलेले बरे. १८६२ पूर्वीचा खटला असेल तर मुंबई सरकारचे १८२७ चे रेग्युलेशन, म्हणजे लोक ज्याला एल्फिन्स्टन कोड म्हणतात ते, लागू होते आणि तेथे ही कलमे दिसणार नाहीत.

घरात जिला चोरी म्हणतात, ती कायद्याच्या वहीत भलत्याच नावाने असू शकते. रानातून लाकूडफाटा आणल्याबद्दल झालेला दंड बहुधा १८७८ च्या किंवा १९२७ च्या वन कायद्याखालचा असतो आणि तो दंड संहितेच्या खटल्यांत शोधून सापडत नाही. दुसरा प्रकार म्हणजे ज्याला आजही बोलीत "चॅप्टर केस" म्हणतात तो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०९ आणि ११० खाली संशयित किंवा सराईत समजल्या गेलेल्या माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला जाई आणि तो देता आला नाही तर त्याला तुरुंगात ठेवले जाई. असा माणूस तुरुंगाच्या वहीत सापडतो, गावातही "तो आत होता" असे म्हणतात, पण त्याच्यावर कोणतीही चोरी शाबीत झालेली नसते. ही तफावत शोध सुरू करतानाच ध्यानात ठेवली नाही, तर नसलेल्या खटल्यामागे महिनोन्महिने जातात.

कोणत्या कोर्टाची वही पाहायची

चोरीचा साधा खटला मॅजिस्ट्रेटपुढे चाले. १८९८ च्या संहितेप्रमाणे तिसऱ्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट एक महिन्यापर्यंत, दुसऱ्या वर्गाचा सहा महिन्यांपर्यंत आणि पहिल्या वर्गाचा दोन वर्षांपर्यंत कैद देऊ शके. त्यामुळे घरच्या आठवणीतला शिक्षेचा आकडा कामाला येतो. "दीड वर्ष" ही आठवण खरी असेल, तर शिक्षा देणारा मॅजिस्ट्रेट खालच्या दोन वर्गांतला नव्हता हे उघड आहे. तालुक्याच्या गावी मामलेदारच मॅजिस्ट्रेटचे काम पाहत असल्याने महसूल आणि फौजदारी दप्तर एकाच कचेरीत साठत गेले. मुंबई राज्याने न्यायकामे कारभारापासून वेगळी करण्याचा कायदा १९५१ मध्ये केला. त्यापूर्वीच्या काळाचा शोध घेताना कोर्टाचे अभिलेख कक्ष आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कचेरीचे अभिलेख कक्ष, या दोन्ही ठिकाणी विचारावे. एकाने "आमच्याकडे नाही" म्हटल्यावर शोध थांबवू नये. मुंबई शहरात हेच काम प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट करीत आणि गंभीर खटले थेट हायकोर्टाच्या सेशनमध्ये जात.

पोरवयातल्या आरोपीचा मार्ग वेगळा असू शके. मुंबईत डेव्हिड ससून सुधारगृह १८५७ पासून होते, आणि १८९७ च्या सुधारशाळांच्या कायद्याने पंधरा वर्षांखालच्या मुलांना तुरुंगाऐवजी अशा शाळेत पाठवता येई. आजोबा "लहानपणी मुंबईला शाळेत होते आणि तेथे सुतारकाम शिकले" अशा गोष्टीमागे कधी कधी हे असते, म्हणून ती ऐकली की या नोंदीही तपासाव्यात.

रजिस्टरातला एक आडवा रकाना

फाइल नष्ट झाली तरी रजिस्टर उरण्याची शक्यता जास्त, आणि नवख्याने ते वाचायला शिकणे हे या साऱ्या कामातले खरे कसब आहे. पन्नास रुपयांपर्यंतच्या मालाची चोरी १८९८ च्या संहितेच्या कलम २६० खाली संक्षिप्त पद्धतीने चालवता येई. अशा ज्या खटल्यावर अपील नसे, त्यात मॅजिस्ट्रेटला साक्षीपुरावा सविस्तर लिहून घेण्याचे बंधन नव्हते. याचा अर्थ असा की कित्येक खटल्यांत साक्षीचे कागद कधी तयारच झाले नाहीत आणि रजिस्टरातली ओळ हीच संपूर्ण नोंद होती. मात्र त्या ओळीत काय असलेच पाहिजे हे कलम २६३ ने ठरवून दिले होते: अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीची तारीख, फिर्यादीचे नाव, आरोपीचे नाव, बापाचे नाव व राहण्याचे ठिकाण, आरोप असलेला आणि शाबीत झालेला गुन्हा, मालाची किंमत, आरोपीचे म्हणणे, निर्णय व त्याची थोडक्यात कारणे, शिक्षा आणि कामकाज संपल्याची तारीख.

वंशावळ जुळवणाऱ्याला यातला बापाच्या नावाचा रकाना सोन्यासारखा आहे. पश्चिम महाराष्ट्रात तो "अमुक बिन तमुक" असा, खानदेश-वऱ्हाडाकडे "वल्द" असा, आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत "कोम" लावून नवऱ्याच्या नावासह भरलेला दिसतो. आडनाव नसणे हे नेहमीचेच, म्हणून आडनावावर शोध घेऊ नये; स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जात किंवा धंदा, या चारांपैकी निदान तीन जुळल्याशिवाय "हाच आपला माणूस" असे म्हणू नये. एकाच गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असणे अजिबात दुर्मिळ नव्हते, आणि त्यांच्या बापांची नावेही सख्ख्या भावांची असल्याने घोळ होतो. इंग्रजीत भरलेल्या रजिस्टरात एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते, तेव्हा उच्चार मनात धरून चाळावे.

मालाची किंमत आणि फिर्यादी हे दोन रकानेही घाईने ओलांडू नयेत. फिर्यादी हा त्याच गावचा सावकार आहे, आरोपीचा मालक आहे की चुलता आहे, यावरून खटल्याचे स्वरूप पार बदलते. माल म्हणजे दहा शेर जोंधळा आणि तारीख दुष्काळातल्या उन्हाळ्याची असेल, तर त्या ओळीला दुसऱ्या भाष्याची गरज उरत नाही. माझ्या मते पुष्कळ संशोधक शिक्षेचा रकाना पाहून समाधान मानतात आणि ओळीचा अर्धा अर्थ वहीतच सोडून उठतात.

शेवटच्या शिक्षेपासून मागे

एकदाच शिक्षा झालेल्या माणसापेक्षा तीनदा झालेला माणूस दप्तरात सापडणे सोपे, याचे कारण दंड संहितेच्या कलम ७५ मध्ये आहे. मालमत्तेविरुद्धच्या ज्या गुन्ह्यांना तीन वर्षे किंवा अधिक कैद सांगितली आहे, त्यांपैकी एकात पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाने तसाच गुन्हा पुन्हा केला, तर त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत, प्रसंगी जन्मठेपेपर्यंतही वाढवता येई. साध्या चोरीची कमाल शिक्षा बरोबर तीन वर्षे असल्याने ती या कलमात बसते. पण वाढीव शिक्षा मागायची तर आधीची शिक्षा आरोपपत्रकातच नमूद करावी लागे, आणि ती नुसती "पूर्वी शिक्षा झाली आहे" अशी नव्हे. प्रक्रिया संहितेच्या कलम २२१ प्रमाणे पूर्वीच्या शिक्षेची वस्तुस्थिती, तारीख आणि ठिकाण लिहावे लागत असे. शिवाय कलम ५११ प्रमाणे ती शाबीत करण्यासाठी मूळ कोर्टाच्या दप्तरातून काढलेला प्रमाणित उतारा, तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला किंवा तुरुंगात पाठवल्याचे वॉरंट, आणि त्याबरोबर हाच तो माणूस याचा पुरावा हजर करावा लागे.

परिणाम असा की तालुक्याच्या कचेरीतली पहिली छोटी फाइल नष्ट झाली असली, तरी तिचा उतारा दहा वर्षांनंतरच्या मोठ्या खटल्याला जोडलेला राहतो. कलम ३४८ मुळे असे पूर्वी शिक्षा झालेले आरोपी पुष्कळदा सेशन्स (सत्र) कोर्टाकडे पाठवले जात, आणि मॅजिस्ट्रेटच्या कचेरीपेक्षा सेशन्स कोर्टाचे निकाल जपले जाण्याची शक्यता अधिक. म्हणून पूर्वजाला एकाहून अधिक वेळा शिक्षा झाल्याचा संशय असेल, तर पहिल्या खटल्याचे गाव शोधण्याआधी जिल्ह्याच्या सेशन्स खटल्यांची सूची चाळावी. तेथे तो सापडला, तर आरोपपत्रकातल्या तारखा आणि ठिकाणे उतरवून घ्यावीत व त्या धरून एकेका कोर्टाच्या रजिस्टराकडे जावे. अंदाजाने वीस वर्षांच्या वह्या चाळण्याऐवजी नेमका महिना हातात असतो. खुणेच्या दगडांवरून उलट वाट चालण्यासारखे हे काम आहे.

अपिलाचा मार्गही असाच उपयोगी आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेवर अपील जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे आणि पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन्स कोर्टाकडे जाई. पहिल्या वर्गाने दिलेली महिन्याभराची कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंतचा दंड यावर मात्र अपील नव्हते. कायद्याचा एखादा मुद्दा हायकोर्टापर्यंत पोहोचला असेल, तर तो छापील अहवालांत मिळू शकतो. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून आहे; त्यांच्या सूचीत आरोपीच्या नावाने शोधता येते. खटल्याच्या शीर्षकावरून काळही कळतो: १८७७ नंतर "क्वीन-एम्प्रेस विरुद्ध अमुक" आणि १९०१ नंतर "एम्परर विरुद्ध अमुक".

तुरुंगाच्या वहीत नाव नसेल तर

तुरुंगातल्या नोंदींत शारीरिक खुणा, वय, उंची, धंदा आणि सुटकेची तारीख मिळण्याची शक्यता असते, आणि फोटो नसलेल्या काळात ते वर्णन घरच्यांना फार मोलाचे वाटते. पण वहीत नाव नाही म्हणून शिक्षा झालीच नाही, असा निष्कर्ष काढू नये. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने चोरीबद्दल कैदेऐवजी फटके देण्याची मुभा होती. ही शिक्षा १९०९ च्या कायद्यातही राहिली आणि १९५५ मध्ये रद्द झाली. वेताचे जास्तीत जास्त तीस फटके देऊन माणूस सोडला जाई. त्याची नोंद मॅजिस्ट्रेटच्या रजिस्टरात असते, तुरुंगाच्या प्रवेशवहीत असेलच असे नाही. दंड भरून सुटलेल्यांचे आणि पहिलाच गुन्हा म्हणून प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यांचेही तेच. उलट, वारंवार शिक्षा झालेल्या माणसाला सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता कळवत राहण्याचा हुकूम त्याच संहितेच्या कलम ५६५ खाली होऊ शके, आणि त्यामुळे पोलीस दप्तरात त्याचा माग तुरुंगाबाहेरही उरतो.

कोठे जावे आणि काय मागावे

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखात न्याय खात्याचे खंड आहेत. नवखे लोक तेथे जाऊन खटल्याची फाइल मागतात, पण या खंडांत प्रामुख्याने सरकारी पत्रव्यवहार आहे: दयेचे अर्ज, तुरुंगांविषयीचे अहवाल, एखाद्या मॅजिस्ट्रेटच्या वागणुकीवरची तक्रार. पूर्वजाने किंवा त्याच्या बायकोने शिक्षा कमी करण्यासाठी अर्ज केला असेल, तर तो येथे सापडू शकतो. वार्षिक न्यायविषयक अहवालांत फक्त आकडे असतात, नावे नसतात. १८१८ पूर्वीच्या काळासाठी पुण्याचे पेशवे दप्तर आहे. तेथे रुमालांत बांधलेले मोडी कागद पाहावे लागतात आणि तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मोडी मात्र इंग्रजी अमदानीतल्या जबान्यांसाठीही लागते, तेव्हा मोडी वाचनाचे जुजबी वर्ग आधीच करून ठेवावेत. गावपातळीच्या कागदांत शक किंवा फसली (महसुली) साल आले, तर शकात ७८ किंवा ७९ आणि दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढावे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर घरबसल्या सूची पाहता येते; केंद्र सरकारपर्यंत गेलेल्या प्रकरणांसाठी ते उपयोगी आहे, तालुक्याच्या खटल्यांसाठी नाही.

जिल्हा न्यायालयात नकलेचा अर्ज करताना आपण खटल्याचे पक्षकार नसल्याने कारण लिहावे लागते. "कौटुंबिक इतिहासाचे संशोधन" असे साधे कारण, पूर्वजाशी नाते दाखवणारा तक्ता आणि शक्य तितका नेमका खटला क्रमांक, साल व कोर्टाचे नाव जोडावे. "१९०० ते १९२० मधील सर्व चोरीचे खटले" असा अर्ज कोणताही लिपिक बाजूलाच ठेवील, आणि त्यात त्याचा दोष नाही. पोलीस व तुरुंगाच्या नोंदींसाठी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो; वीस वर्षांपूर्वीच्या घटनांबाबत माहिती नाकारण्याची बरीच कारणे या कायद्याच्या कलम ८(३) मुळे लागू होत नाहीत. "कागद नष्ट केले" असे उत्तर आले, तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदीची प्रत मागावी. तिच्यात खटला क्रमांक सापडला, तर निदान खटला झाला होता आणि कोणत्या कचेरीत झाला, एवढे पक्के होते.

शिक्षा आणि नोंदणी यांतला फरक

एका प्रकारच्या कागदांविषयी विशेष सावधगिरी हवी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि १९११ च्या सुधारित कायद्याने अनेक जमातींतील माणसांची, त्यांनी काहीही केलेले नसताना, पोलिसांकडे नोंदणी केली जाई. हजेरी लावावी लागे, गाव सोडण्यास परवानगी लागे, आणि काहींना सोलापूरसारख्या ठिकाणच्या वसाहतींत ठेवले गेले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला आणि त्या जमाती विमुक्त ठरल्या. या रजिस्टरांत पूर्वजाचे नाव, बोटांचे ठसे आणि राहण्याचे ठिकाण सापडेल, पण ती गुन्हा शाबीत झाल्याची नोंद नव्हे. हजेरीला गैरहजर राहिल्याबद्दल झालेली शिक्षा ही त्या कायद्याखालची शिक्षा आहे आणि ती चोरीच्या रकान्यात घालणे साफ चूक ठरेल.

हाती आलेली प्रत्येक नोंद वंशावळीत घेताना कलम, कोर्ट, तारीख, शिक्षा आणि मूळ वहीचा खंड व पान सोबत लिहावे, आणि त्याच ओळीत "अपील: पाहिले" किंवा "अपील: पाहिले नाही" अशी खूण करावी. मॅजिस्ट्रेटच्या रजिस्टरात शिक्षा लागलेला माणूस तीन आठवड्यांनी जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या अपिलात निर्दोष सुटलेला असू शकतो, आणि ती सुटका पहिल्या वहीत कोणी भरलेली असेलच, याची खात्री देता येत नाही.